बुडालेल्या जहाजांची साक्ष

जमिनीवर लढाई झाली की तिच्या खुणा काही काळ तरी मागे उरतात. खंदक असतात, गोळ्यांनी फुटलेल्या भिंती असतात, पुढे तेथे एखादा स्तंभ उभा राहतो, आणि इतिहासकाराला नकाशा हाती घेऊन त्या भूमीवर हिंडता येते. समुद्राचे तसे नाही. जहाज बुडाले की त्या जागी तेलाचा तवंग आणि काही तरंगते सामान यांपलीकडे काही दिसत नाही, आणि दोन दिवसांनी तेही दिसत नाही. जहाजाबरोबर त्याची नोंदवही बुडते, यंत्रघरातील नोंदी बुडतात, आज्ञा देणारे बुडतात आणि त्या पाळणारेही बुडतात. त्यामुळे युद्धकाळातील नौदुर्घटनेचा इतिहास बहुतांशी एकाच साधनावर उभा करावा लागतो. पाण्यातून जिवंत बाहेर काढल्या गेलेल्या माणसांची तोंडी साक्ष हे ते साधन होय. ही साक्ष कशी मिळवावी, तिची पारख कशी करावी आणि ती केवळ कागदावर न उतरवता आवाजाच्या रूपाने का जपावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

‘खुकरी’चे उदाहरण

भारतीय वाचकाला या संदर्भात प्रथम आठवावी अशी घटना ९ डिसेंबर १९७१ची आहे. भारत-पाकिस्तान युद्धाचा तो सातवा दिवस होता. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचे संकेत मिळाले होते. तिच्या शोधासाठी चौदाव्या फ्रिगेट पथकातील ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या दोन युद्धनौका मुंबईहून पाठवण्यात आल्या. पथकातील तिसरी नौका ‘कुठार’ बॉयलरमधील बिघाडामुळे मुंबईतच राहिली होती. ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली आणि १९५८मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली नौका होती. तिचे कप्तान आणि पथकाचे प्रमुख होते कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने ‘खुकरी’चा वेध घेतला. काही मिनिटांतच नौका पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. स्वातंत्र्यानंतर शत्रूच्या हल्ल्यात गमावलेली भारतीय नौदलाची ही एकमेव युद्धनौका आहे.

एका गोष्टीकडे येथे विशेष लक्ष वेधले पाहिजे. ही लढाई मुळातच ऐकण्याची लढाई होती. पाणबुडी डोळ्यांनी दिसत नाही. तिचा माग ध्वनीवरून काढावा लागतो. ‘हंगोर’ ही फ्रान्समध्ये बांधलेली, त्या काळच्या मानाने आधुनिक पाणबुडी होती आणि तिची ध्वनिशोधक यंत्रणा ‘खुकरी’च्या यंत्रणेपेक्षा कितीतरी अधिक अंतरावरचे टिपू शकत होती. हे अंतर भरून काढण्यासाठी लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्याने ‘खुकरी’च्या यंत्रणेला एक सुधारित जोडणी दिली होती आणि तिची चाचणी त्या मोहिमेतच चालू होती. चाचणीसाठी नौकेचा वेग कमी ठेवावा लागे, आणि कमी वेग पाणबुडीच्या पथ्यावर पडला. जैन नौकेबरोबरच गेले. ज्या पक्षाला दूरवरचे ऐकू आले, त्या पक्षाची सरशी झाली.

वाचलेल्यांचे ऐकणे हे त्यानंतरचे आणि तितकेच अवघड काम होते. सरकारी नोंदींवरून जहाजाचे स्थान, वेळ, हानी आणि सन्मानपत्रे कळतात. परंतु त्या रात्री जहाजावर काय घडले हे कळण्याचा मार्ग त्या ६७ जणांच्या तोंडूनच जातो. कॅप्टन मुल्ला यांची जी प्रतिमा देशाच्या मनात कोरली गेली आहे, तिचेच उदाहरण घेता येईल. त्यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले, जवळच्यांना पाण्यात ढकलून त्यांचे प्राण वाचवले, आणि स्वतः मात्र जहाज सोडण्यास नकार देऊन ब्रिजवरील आपल्या खुर्चीत बसून राहिले. या प्रसंगाचे छायाचित्र नाही. असणे शक्यही नव्हते. मरणोत्तर महावीरचक्र मिळवून देणारी ही हकीकत बुडत्या जहाजाकडे पाण्यातून वळून पाहणाऱ्यांनी सांगितली, म्हणून ती आज ठाऊक आहे. ते सारेच बुडाले असते, तर कॅप्टन मुल्ला हे हानीच्या यादीतील एक नाव राहिले असते.

मृतांची कीर्तीसुद्धा जिवंतांच्या कथनावर अवलंबून असते, हे यावरून ध्यानात येते. आणि ज्यांच्याविषयी सांगायला कोणी वाचले नाही, अशा यंत्रघरातील नौसैनिकांचे शेवटचे क्षण कायमचे अज्ञात राहिले, हेही त्याच सत्याचे दुसरे अंग आहे.

लिखित शब्द आणि बोललेला शब्द

‘खुकरी’च्या वाचलेल्यांची कथने एकत्र करण्याचे मोठे श्रेय मेजर जनरल इयान कार्डोझो यांच्याकडे जाते. ते स्वतः भूदलातील, गुरखा पलटणीचे अधिकारी. १९७१च्याच युद्धात पूर्व आघाडीवर सुरुंगाच्या स्फोटात जायबंदी झालेला आपला पाय त्यांनी खुकरीने तोडला होता. वाचलेल्यांच्या आठवणींवर आधारलेले त्यांचे ‘द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी’ हे इंग्रजी पुस्तक २००६मध्ये, म्हणजे घटनेनंतर ३५ वर्षांनी प्रसिद्ध झाले. ते झाले नसते तर कित्येक तपशील आज हाती नसते.

तथापि पुस्तक कितीही प्रामाणिक असले, तरी त्याला काही मर्यादा असतात. नौसैनिक कोणत्या भाषेत बोलला, हे इंग्रजी वा मराठी पानावर दिसत नाही. भोजपुरी वळणाची हिंदी, मल्याळी हेल असलेली इंग्रजी, ‘समुद्र’ न म्हणता ‘दर्या’ म्हणणारी कोकणी माणसाची मराठी हे सारे छपाईत एकाच इस्त्रीखाली जाते. याहून महत्त्वाचे म्हणजे मौन छापता येत नाही. एखादा वृद्ध माणूस सलग बोलत येतो, एका नावाशी थबकतो, घसा साफ करतो, आणि मग भलत्याच विषयाकडे वळतो. लेखी प्रतीत तेथे फार तर तीन टिंबे येतात. ध्वनिमुद्रणात मात्र तो थबकणारा क्षण आपल्या पूर्ण लांबीसह राहतो आणि ऐकणाऱ्याला कळते की, जे सांगितले नाही ते सांगितल्यापेक्षा मोठे आहे. विनोद, संताप, पश्चात्ताप, कर्तव्य म्हणून केलेली पोपटपंची आणि मनापासून आलेली आठवण यांतील भेद आवाज सांगतो.

हे ओळखूनच नभोवाणीने गेल्या शतकात एक नवा प्रकार घडवला. त्याला आपल्याकडे ‘रूपक’ म्हणतात. प्रारंभी अशा कार्यक्रमांत सामान्य माणसांचे बोलणे आधी लिहून घेत आणि नंतर ते कसलेल्या नटांकडून वाचवून घेत. उचलून नेता येण्याजोगी ध्वनिमुद्रणयंत्रे आल्यावर ही पद्धत मागे पडू लागली. १९५८पासून ब्रिटिश नभोवाणीवर चार्ल्स पार्कर, युअन मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी सादर केलेल्या ‘रेडिओ बॅलड्स’मध्ये आगगाडीचे कामगार आणि रस्ते बांधणारे मजूर आपल्याच आवाजात बोलले. १९६०मधील ‘सिंगिंग द फिशिंग’मध्ये हेरिंग मासे पकडणारे कोळी आपल्या समुद्राविषयी स्वतः बोलले. सामान्य माणूस हा स्वतःच्या अनुभवाचा सर्वांत समर्थ निवेदक असतो, हा त्यामागील विचार होता. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने १९७२मध्ये ध्वनिविभाग सुरू केला. युद्ध पाहिलेल्या सैनिकांच्या आणि नागरिकांच्या हजारो मुलाखती तेथे जतन केलेल्या आहेत. भारतात दिल्लीच्या तीनमूर्ती भवनातील ग्रंथालयाने १९६६पासून मौखिक इतिहासाचा उपक्रम चालवला. त्याचा भर मुख्यतः स्वातंत्र्यलढ्यातील आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्तींवर राहिला. सामान्य खलाशी आणि नौसैनिक मात्र बहुधा अशा उपक्रमांच्या कक्षेबाहेरच राहिले आहेत.

साक्षीने निकाल फिरतो तेव्हा

वाचलेल्यांच्या आठवणी जपणे हे केवळ भावनेचे काम आहे, असा समज होण्याचा संभव आहे. ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकन युद्धनौकेची हकीकत तो समज दूर करते.

अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोहोचवल्यानंतर फिलिपीन्सकडे जात असता ३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर ही नौका जपानी पाणबुडीने बुडवली. नौकेवरील ११९५ जणांपैकी सुमारे ३०० तिच्याबरोबर गेले; उरलेले जवळजवळ नऊशे जण चार दिवस पाण्यात तरंगत राहिले. नौका ठरल्या वेळी आली नाही याची कोणी दखलच घेतली नाही. तहान, ऊन आणि शार्क मासे यांच्या तडाख्यातून ३१६ जण वाचले. कप्तान चार्ल्स मॅकव्हे यांच्यावर लष्करी खटला भरण्यात आला आणि नागमोडी मार्गाने नौका न चालवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. ज्या जपानी अधिकाऱ्याने नौका बुडवली होती, त्याने साक्ष दिली की, नागमोडी मार्गाने जाऊनही नौका वाचली नसती. तरीही ठपका कायम राहिला. मॅकव्हे यांनी १९६८मध्ये आत्महत्या केली.

वाचलेले नौसैनिक आपल्या कप्तानाच्या बाजूने वर्षानुवर्षे बोलत होते. त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. १९९६मध्ये हंटर स्कॉट या शाळकरी मुलाने इतिहासाच्या प्रकल्पासाठी या नौसैनिकांना गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या, कागदपत्रे जुळवली. त्यातून चळवळ उभी राहिली आणि २०००मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मॅकव्हे यांना दोषमुक्त मानणारा ठराव केला. वाचलेल्यांची साक्ष सरकारी निकाल फिरवण्याइतकी बलवान असू शकते; मात्र ती वेळेवर आणि नीटपणे ऐकली गेली पाहिजे. मॅकव्हे यांच्या दृष्टीने ती ३२ वर्षे उशिरा ऐकली गेली.

साक्षीची पारख

याचा अर्थ वाचलेला माणूस सांगेल ते सर्व जसेच्या तसे खरे मानावे असा नव्हे. भीतीच्या क्षणी काळाचे भान सुटते. दोन मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात आणि पाण्यात काढलेली रात्र आठवणीत काही क्षणांची होते. पुढे वृत्तपत्रांत वाचलेले, सोबत्यांकडून ऐकलेले आणि समारंभांतील भाषणांतून कानी पडलेले तपशील स्वतःच्या आठवणीत मिसळतात, आणि सांगणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दरवर्षी त्याच तारखेला तीच कथा सांगावी लागली की, ती गुळगुळीत होत जाते.

‘खुकरी’च्याच बाबतीत पाहू. वाचलेल्यांच्या कथनांत एकाहून अधिक स्फोटांचा उल्लेख येतो. ‘हंगोर’चे कमांडर अहमद तस्नीम यांच्या बाजूची हकीकत मात्र वेगळी आहे. तिच्यानुसार पाणबुडीने एकूण तीन पाणतीर सोडले. पहिला ‘कृपाण’वर सोडलेला पाणतीर फुटला नाही, दुसरा ‘खुकरी’ला लागला आणि तिसरा पुन्हा ‘कृपाण’च्या रोखाने गेला. यांपैकी एक बाजू खोटे बोलते असे मानण्याचे कारण नाही. पाणतीर एकच लागला तरी दारूगोळ्याचा साठा वा तेलाच्या टाक्या पेटून पुढचे स्फोट होऊ शकतात. पाणबुडीतील माणसाने सोडलेले पाणतीर मोजले. जहाजावरील माणसाने पायांखाली बसलेले हादरे मोजले. दोघांनीही आपापल्या जागेवरून खरेच सांगितले. भारतीय नौदलाच्या इतिहासाचे लेखक व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनीही या प्रसंगाचे दोन्ही बाजूंचे वृत्तांत विचारात घेतले आहेत. चांगल्या ध्वनिरूपकाचीही हीच पद्धत असावी. विसंगती लपवून एक सरळ कथा रचण्यापेक्षा दोन आवाज शेजारी शेजारी ठेवावेत आणि ते का भिन्न आहेत, हे निवेदकाने स्पष्ट करावे.

ध्वनिरूपक कसे घडते

अशा कामाचा प्रारंभ यंत्रापासून होत नाही. तो वाचनापासून होतो. मुलाखतकाराला जहाजाची रचना, त्या दिवसाचा घटनाक्रम, हवामान, हुद्दे आणि पाळ्या ठाऊक असल्या पाहिजेत. अन्यथा सांगणाऱ्याचा निम्मा वेळ समजावून देण्यात जातो. नंतर प्रश्न येतो माणसे शोधण्याचा. नौदलात देशाच्या सर्व भागांतून भरती होते आणि निवृत्तीनंतर नौसैनिक समुद्रकाठीच राहतो असे नाही. साताऱ्याच्या खेड्यात, केरळमधील गावात, किंवा समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गाझियाबादसारख्या शहरातील एखाद्या वसाहतीतही अशी साक्ष शांतपणे वृद्ध होत असू शकते.

मुलाखत शक्यतो त्या व्यक्तीच्या घरी आणि तिच्या मातृभाषेत घ्यावी. खोली लहान असावी, पंखा बंद असावा, खिडकीवर जाड पडदा असावा. ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवल्यास आवाज स्वच्छ येतो आणि पलीकडचा रहदारीचा गोंगाट मागे पडतो. सुरुवातीलाच ‘जहाज बुडाले तेव्हा तुम्हांला काय वाटले?’ असे विचारणे व्यर्थ होय. अशा प्रश्नाला पाठ केलेले उत्तर मिळते. त्याऐवजी गाव, आईवडील, भरतीचा दिवस येथून आरंभ करावा आणि त्या रात्रीपर्यंत हळूहळू यावे. त्या दिवशी जेवणात काय होते, पायांत काय होते, हातात कोणते काम होते, कानांवर काय पडत होते, असे लहान प्रश्न स्मृतीची दारे उघडतात. ‘खुकरी’च्या काही कथनांत आकाशवाणीवरील रात्रीच्या बातम्यांचा उल्लेख येतो. नौसैनिक बातम्या ऐकत असताना स्फोट झाला. हा एक तपशील वेळेची निश्चिती करतो, आणि युद्धाच्या ऐन मध्यावर घराकडची खबर ऐकू पाहणारी माणसेही डोळ्यांसमोर उभी करतो.

सांगणाऱ्याचा मान राखणे हा या कामाचा पहिला नियम आहे. काय नोंदले जाणार, कोण ऐकणार, कोठे ठेवले जाणार, हे त्याला आधी समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी. तो थांबू इच्छील तेव्हा यंत्र थांबवावे. एखादा भाग त्याच्या हयातीत प्रसिद्ध करू नये असे त्याने सांगितल्यास ते पाळावे. जे वाचतात त्यांच्या मनात पुष्कळदा एक अपराधी भावना असते. शेजारचा सुटलेला हात, न दिलेली फळी, न ऐकलेली हाक यांचा सल ते आयुष्यभर बाळगतात. तो सल उकरून काढून श्रोत्याला हेलावून सोडणे म्हणजे साक्षीची विटंबनाच होय.

त्यानंतरचे काम संपादनाचे. दहा तासांच्या मुद्रणातून तासाभराचा कार्यक्रम घडवताना तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, वाक्ये अशी जोडू नयेत की, सांगणाऱ्याने न केलेले विधान त्याच्या तोंडी येईल. दुसरे, चित्रपटांतून उचललेले स्फोटांचे आणि किंकाळ्यांचे आवाज खऱ्या आवाजाच्या शेजारी ठेवू नयेत. खोटा आवाज खऱ्यालाही संशयास्पद करतो. तिसरे, संगीताने श्रोत्याला रडण्याची सूचना देऊ नये. शांतता हे या माध्यमातील सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे.

कार्यक्रम प्रक्षेपित झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. कार्यक्रम हा एका संपादकाने एका काळी लावलेला अर्थ असतो; मूळ मुद्रण हा पुरावा असतो. म्हणून कापलेले भाग फेकून न देता संपूर्ण मुद्रण, त्याची अक्षरशः उतरवलेली प्रत, तारीख, स्थळ आणि विषयसूची यांसह अभिलेखागारात ठेवले पाहिजे. पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला कोणता प्रश्न पडेल, हे आज कोणालाच ठाऊक नसते.

मुद्रणही बुडते

आवाज एकदा मुद्रित केला की अमर झाला, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. चुंबकीय फितीवरील लेप हवेतील दमटपणामुळे चिकट होतो, सुटू लागतो, त्यावर बुरशी धरते. मुंबई-कोकणची हवा या दृष्टीने विशेष घातक आहे. फीत टिकली तरी ती वाजवणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर मिळेनासा होतो. चुंबकीय फितींवरील मुद्रणे सुमारे २०२५पर्यंत अंकीय रूपात उतरवून घेतली नाहीत, तर त्यांतील बरीचशी कायमची हरवतील, असा इशारा युनेस्कोच्या उपक्रमातून २०१९मध्ये देण्यात आला होता. ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंकीय प्रतीसाठी सेकंदाला किमान ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट असा दर्जा सुचवला आहे. ही प्रत दाब देऊन लहान केलेली नसावी आणि ती किमान दोन भिन्न ठिकाणी ठेवावी. घरोघरच्या कपाटांत पडून असलेल्या कॅसेटींनाही हे लागू आहे. आजोबांनी नातवंडांना सांगितलेली गोष्ट जिच्यावर आहे, अशी एखादी कॅसेट कदाचित राष्ट्रीय महत्त्वाचा पुरावा असू शकते.

उशिराची किंमत

वेळ निघून गेली म्हणजे काय होते, हे मुंबईशी संबंधित दोन घटनांवरून दिसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत सुमारे १४०० टन स्फोटके आणि कापसाचे गठ्ठे यांसह उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. दुपारी चारनंतर, सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन प्रचंड स्फोट झाले. आसपासची जहाजे, गोदामे आणि वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. आग विझवण्यासाठी गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. परंतु युद्धकाळातील प्रसिद्धीबंदीमुळे त्या दिवसांतील वृत्तपत्रांत या घटनेचे पूर्ण वर्णन आलेच नाही. मृतांचा आकडादेखील आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळा दिला जातो. जे वृत्तपत्रांत आले नाही, ते माझगाव, मशीद बंदर आणि गिरगाव येथील घरांतून तोंडी सांगितले जात राहिले, आणि सांगणारे एकेक करून गेले.

दुसरी घटना ‘तिलावा’ या प्रवासी जहाजाची. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडे जाण्यासाठी मुंबईहून निघाले. त्यावर प्रवासी आणि खलाशी मिळून ९५८ जण होते. प्रवाशांत आफ्रिकेत पोटापाण्यासाठी गेलेल्या भारतीयांची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानी पाणबुडीने त्यावर हल्ला केला. २८० जण बुडाले. ६७८ जण वाचले; त्यांतील बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने उचलले आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत परत आणले. एवढी मोठी दुर्घटना, आणि तिचे नावही बहुसंख्य भारतीयांना ठाऊक नव्हते.

याच जहाजावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाण्यांसाठी घेतलेली चांदी होती. समुद्रतळ सुमारे अडीच किलोमीटर खोल. २०१७मध्ये एका कंपनीने तेथून २३६४ चांदीच्या विटा वर काढल्या. त्यांच्या मालकीवरून लंडनमध्ये खटला चालला आणि तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४मध्ये निर्णय लागला. एकेका विटेचा हिशेब झाला. याच काळात वाचलेल्यांचे आणि बुडालेल्यांचे वंशज एकमेकांना शोधत होते, आठवणी जमवत होते; २०२२मध्ये, ऐंशी वर्षांनी, मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला. तोवर दुर्घटनेच्या वेळी बालवयात असलेले अगदी मोजकेच साक्षीदार हयात होते. प्रौढांनी पाहिलेली ‘तिलावा’, तिच्यावरच्या खलाशाला आठवणारी ‘तिलावा’, आता कोणत्याही खोलीतून वर काढता येणार नाही. धातू पाण्याखाली पाऊणशे वर्षे वाट पाहू शकतो. माणसाची आठवण तेवढे थांबत नाही.

उरलेला अवधी

‘खुकरी’ची स्मारके आहेत. दीवच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून काचेच्या घरात तिची प्रतिकृती ठेवलेली आहे. हे स्मारक १९९९मध्ये उघडण्यात आले. त्याच नावाची दुसरी युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली, १९८९मध्ये नौदलात आली, २०२१मध्ये निवृत्त झाली आणि संग्रहालय करण्यासाठी २०२२मध्ये दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. तिला बुडवणारी ‘हंगोर’ही कराचीच्या सागरी संग्रहालयात उभी आहे. लोखंड दोन्ही बाजूंनी जपले आहे.

१९७१मध्ये जो नौसैनिक वीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. बुडालेल्यांच्या पत्नी, भावंडे आणि मुलेही आहेत. तार कोणत्या वेळी आली, ती कोणी वाचून दाखवली, शव न मिळाल्यामुळे अंत्यविधी कसा केला, किती वर्षे दारावरच्या प्रत्येक थापेला कान टवकारले, हे सारे त्यांनाच ठाऊक आहे. तीही त्या दुर्घटनेचीच साक्ष आहे आणि ती बहुधा कोणी विचारलेली नाही. सीमेपलीकडील वृद्ध पाणबुडी-सैनिकांची साक्षही त्यांच्याच आवाजात मिळावयास हवी, कारण त्या रात्रीचा अर्धा भाग त्यांच्याजवळ आहे.

यासाठी मोठ्या संस्थेचीच वाट पाहिली पाहिजे असे नाही. जिल्हा ग्रंथालय, महाविद्यालयाचा इतिहास विभाग, माजी सैनिकांची संघटना यांपैकी कोणालाही एक साधे ध्वनिमुद्रक आणि ऐकण्याची सवड एवढ्यावर आरंभ करता येईल. पुढे प्रत अभिलेखागाराकडे सोपवता येईल. अडचण यंत्रांची फारशी उरलेली नाही. आता जो तो आपल्या खिशात ध्वनिमुद्रक घेऊनच हिंडत असतो. उणीव आहे ती समोर बसून विचारणाऱ्याची. पाण्यातून वर आलेल्या माणसाने एकदा आपला जीव वाचवला; त्याने जे पाहिले ते वाचवण्याचे काम मात्र किनाऱ्यावरच्यांचे आहे.